अनामिक गुप्त संकेतस्थळे : यजमान व अभ्यागत यांच्या खासगीपणाचे संरक्षण

प्रस्तावना :
इंटरनेटवरील सर्वसाधारण व्यवहारात संकेतस्थळास अभ्यागताचा आय.पी. पत्ता समजतो आणि संकेतस्थळ कोणत्या संगणकावर आहे, याचाही माग काढता येतो. मजकूर कूटबद्ध केला, तरी कोणी कोणाशी संपर्क साधला हे झाकले जात नाही. वृत्तपत्रास गोपनीय कागदपत्रे देणाऱ्या व्यक्तीस तेवढी माहितीही घातक ठरू शकते. ‘टॉर’ जाळ्यातील गुप्त संकेतस्थळे हा धोका कसा कमी करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
‘अनियन राउटिंग’ ही पद्धती १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाली. तिच्यावर आधारित टॉरची रचना रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन व पॉल सायव्हरसन यांनी २००४ मध्ये मांडली. संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे कूटलेखनाची आवरणे असतात. सामान्यतः तीन मध्यस्थ संगणकांपैकी प्रत्येक जण एकच आवरण उलगडतो. त्यास केवळ मागचा व पुढचा दुवा ठाऊक असतो.

कार्यपद्धती :
गुप्त संकेतस्थळ काही मध्यस्थांना ‘परिचय-बिंदू’ म्हणून निवडते व त्यांची स्वाक्षरीयुक्त नोंद जाळ्यातील विखुरलेल्या सूचीत ठेवते. अभ्यागत ती नोंद मिळवून एक ‘भेट-बिंदू’ ठरवितो आणि परिचय-बिंदूमार्फत तसा निरोप संकेतस्थळास धाडतो. त्यानंतर दोन्ही पक्ष स्वतंत्र, आच्छादित मार्गांनी भेट-बिंदूपर्यंत पोहोचतात. भेट-बिंदूस दोघांचे ठिकाण कळत नाही, तसेच मजकूरही वाचता येत नाही. संकेतस्थळाचा ५६ वर्णांचा पत्ता त्याच्या सार्वजनिक कूटकिल्लीपासूनच तयार होतो. त्यामुळे तो कोणाकडे नाव देऊन नोंदवावा लागत नाही.

मर्यादा :
हे संरक्षण मार्गाचे आहे, वर्तनाचे नव्हे. २०१३ मध्ये बंद पाडलेल्या ‘सिल्क रोड’ या अमली पदार्थांच्या बाजारपेठेच्या चालकापर्यंत तपासयंत्रणा पोहोचली, त्यात त्याने खुल्या इंटरनेटवर पूर्वी दिलेल्या ई-मेल पत्त्याचा मोठा वाटा होता. शिवाय जाळ्याच्या दोन्ही टोकांवर पाळत ठेवणाऱ्यास संदेशांच्या वेळा ताडून अनुमान बांधता येते.

समारोप :
गुन्हेगारास आडोसा देणारी हीच रचना ‘सिक्युअरड्रॉप’सारख्या प्रणालीद्वारे पत्रकार व त्यांचे माहितीदार यांनाही आधार देते. येथे खासगीपणा कोणा एका संस्थेच्या वचनावर अवलंबून नसून, संपूर्ण माहिती कोणा एकाच्या हाती पडू नये अशा योजनेवर आधारलेला आहे, हे तिचे खरे महत्त्व होय.