खुरासणीचं तेल की ओमेगा-३ ची कॅप्सूल? प्रोस्टेट कॅन्सरबद्दल खरं काय

जव्हार/मोखाडा : पन्नाशी ओलांडली की अनेक पुरुषांना रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धार बारीक होते. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून घरात कुणी बोलत नाही. दुसरीकडे ‘हे तेल खा, कॅन्सर होणार नाही’, ‘ओमेगा-३ ची कॅप्सूल घ्या’ असे मेसेज मोबाईलवर फिरत असतात. यात तथ्य किती?

प्रोस्टेट म्हणजे काय?
पुरुषांच्या मूत्राशयाखाली आवळ्याएवढी ग्रंथी असते, तीच प्रोस्टेट. वयानुसार ती वाढते. बहुतेकांची वाढ साधी असते, पण काहींना तिथे कॅन्सर होतो. वय आणि वडील किंवा भावाला हा आजार असणं, ही धोक्याची मोठी कारणं.

कोणत्या तेलात काय?
आपल्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या खुरासणीच्या तेलात ओमेगा-६ हे स्निग्धाम्ल भरपूर असतं. जवसात आणि बांगडा, तारलीसारख्या माशांत ओमेगा-३ असतं. पामतेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त, म्हणजे थंडीत गोठणारी चरबी असते.

संशोधन काय सांगतं?
२०१३ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात रक्तात ओमेगा-३ जास्त असलेल्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर जास्त आढळला. त्यामुळे मासे खाणारे घाबरले. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही. नंतर तिथेच २५,८७१ जणांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज ओमेगा-३ ची कॅप्सूल दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. २०१८ मध्ये निकाल आला : कॅप्सूलने कॅन्सर टळला नाही.

थोडक्यात, कॅन्सर टाळण्यासाठी महागड्या कॅप्सूलवर मजुरीचे पैसे घालवू नका. घाण्यावरची खुरासणी, सुकी मासळी सोडायचंही कारण नाही. मात्र तेल कोणतंही असो, बेतानं वापरा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. अति लठ्ठपणामुळे हा कॅन्सर गंभीर रूप घेण्याचा धोका वाढतो, हे मात्र ठोस पुराव्यानिशी दिसलं आहे.

दवाखान्यात कधी जायचं?
लघवी अडकणं, लघवीत रक्त, कंबरेची हाडं सतत दुखणं, असं काही असेल तर भगताकडे किंवा मेडिकलवर वेळ घालवू नका. लघवी पूर्ण बंद झाली किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी जा. जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. डॉक्टर तपासून गरज असल्यास ‘पीएसए’ ही रक्ताची चाचणी सांगतात. ती वाढलेली आली म्हणजे कॅन्सरच, असं नाही; साध्या वाढीनं किंवा जंतुसंसर्गानंही ती वाढते.

सुरुवातीला या कॅन्सरची लक्षणं बहुधा दिसतच नाहीत. म्हणून वडील किंवा भावाला झाला असेल, तर त्रास नसला तरी पन्नाशीच्या आधीच डॉक्टरांना विचारा. जाताना आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे.