सर्व्हरची डिस्क भरण्याआधी आपल्याला कसं कळेल?

सर्व्हर बंद पडला की आपण आधी नेटवर्क बघतो, मग वीज. पण बरेचदा कारण साधंच असतं, डिस्क भरलेली असते. मग डेटाबेसला नवीन नोंद लिहिता येत नाही. परीक्षेचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी असं झालं तर?

लिनक्समध्ये जागा बघण्यासाठी डीएफ ही कमांड आहे. प्रत्येक पार्टिशन किती टक्के भरलं ते ती सांगते. पण रोज लॉगिन करून बघणार कोण? चार दिवस बघाल, पाचव्या दिवशी राहून जाईल. म्हणून एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहा. डीएफचं उत्तर घ्यायचं, ऑक वापरून टक्क्यांचा रकाना वेगळा काढायचा आणि तो मेलने पाठवायचा. ही स्क्रिप्ट क्रॉनकडे सोपवा. क्रॉनमध्ये वेळेचे पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. 0 7 * * * म्हणजे रोज सकाळी 7 वाजता.

आता इशारा कधी द्यायचा? पुष्कळ जण 80 टक्के धरतात. 100 होईपर्यंत थांबू नका, कारण मेल पाठवणारी यंत्रणाही रांगेतली पत्रं त्याच डिस्कवर ठेवत असेल, तर जागाच नसताना इशारा निघणार कसा! अर्थात 80 हा काही पवित्र आकडा नव्हे. 4 टीबीच्या डिस्कवर 20 टक्के म्हणजे 800 जीबी, भरपूर झाले. 20 जीबीच्या डिस्कवर मात्र 4 जीबीच उरतात. बिघडलेल्या प्रोग्रॅमची लॉग फाइल तेवढी जागा एका रात्रीत खाऊ शकते.

फक्त गडबड झाली तरच मेल यावा, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. मेल आला नाही तर सगळं ठीक आहे, की स्क्रिप्टच बंद पडली आहे, हे कसं ओळखाल? रोज दोन ओळींचा अहवाल येऊ द्या, आणि विषयातच टक्केवारी लिहा म्हणजे उघडायचीही गरज नाही.

इशारा आल्यावर डीयू कमांडने कोणता फोल्डर फुगलाय ते शोधा; सुरुवात लॉगच्या फोल्डरपासून करा. मोठी फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही, असा अनुभव येईल. घाबरू नका. एखादा प्रोग्रॅम ती फाइल अजून उघडी धरून बसलेला असतो. तो रीस्टार्ट केला की जागा परत मिळते.