नाव 'मोठे', पण इंग्रजीत कसे?

अमरावती, प्रतिनिधी : राजापेठेतल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात शिफारसपत्र टंकित होते, तेव्हा मराठीत सुचलेले वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत उतरते : 'ही हॅज अ बिग नेम.' व्याकरण शुद्ध, अर्थही कळतो. तरी परदेशी विद्यापीठात ते वाचणाऱ्याला खटकते. ज्या एका पानावर प्रवेश ठरायचा, त्याचे वजन अशा विशेषणाने घटू शकते.

दोष आपल्या 'मोठा' या शब्दाच्या अष्टपैलुत्वाचा. घर मोठे, भाऊ मोठा, मन मोठे, साहेब मोठे आणि नावही मोठेच. इंग्रजीने ही कामे वेगवेगळ्या शब्दांत वाटून दिली आहेत. ही वाटणी तर्काने नव्हे, वहिवाटीने झालेली आहे.

'रेप्युटेशन'मागे 'ग्रेट' शोभतो, 'हाय' काहीसा औपचारिक वाटतो, 'लार्ज' मात्र आज सहसा कोणी लावत नाही. 'बिग रेप्युटेशन' बोलण्यात किंवा क्रीडावृत्तात चालून जाते. शिफारसपत्रात ते उथळ दिसते. 'बिग नेम'ची तऱ्हा आणखी निराळी. इंग्रजीत माणूस स्वतःच 'बिग नेम' असतो, ते त्याच्याजवळ नसते. शिवाय त्यातून प्रसिद्धी कळते, योग्यता नव्हे. (नाव मोठे, लक्षण खोटे, हे आपणही म्हणतोच.) 'ही इज अ बिग मॅन' लिहिल्यास तर वाचकापुढे धिप्पाड देहच उभा राहण्याची शक्यता अधिक.

सर्वांत फसवा शब्द 'टॉल'. आपल्याकडची इंग्रजी वृत्तपत्रे 'टॉल लीडर' सर्रास छापतात. १९५२ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांना कोणी 'टॉल लीडर' म्हटले, तर दिल्लीच्या वाचकाला त्यांची थोरवी कळेल; लंडनच्या वाचकाला मात्र आधी त्यांची शारीरिक उंची आठवेल. त्यातून 'टॉल क्लेम' म्हणजे न पटणारा दावा! गंमत अशी, की 'टॉवरिंग फिगर' तेथेही आदरानेच वाचले जाते.

'ग्रेट'देखील मूळचा आकाराचाच शब्द. ग्रेट ब्रिटनमधला 'ग्रेट' गौरवाचा नाही. फ्रान्समधील ब्रिटनीहून वेगळे, मोठे, एवढाच त्याचा अर्थ. आपला 'थोर' पुरुषापुढे महानता सांगतो आणि 'थोरला' होऊन मुलापुढे आला, की केवळ वय.

शिफारसपत्रात अडल्यास विशेषण शोधत बसण्याऐवजी 'वेल नोन फॉर' लिहावे आणि पुढे त्या व्यक्तीचे नेमके काम सांगावे. 'फॉर'नंतर काहीतरी ठोस लिहावेच लागते. 'बिग'नंतर तशी सक्ती नसते.