एकट्याची चूल

‘स्वयंपाक’ हा शब्द आपण रोज वापरतो. त्याचा अर्थ मात्र क्वचितच तपासून पाहतो. स्वयं म्हणजे स्वतः आणि पाक म्हणजे शिजविणे. आपले अन्न आपण शिजविणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण हा शब्द तितका निरागस नाही. दुसऱ्याच्या हातचे खाल्ल्याने विटाळ होतो ही धारणा ज्या समाजात मुरलेली होती, तेथे स्वतःच्या हातचेच खाणे हे सोवळेपणाचे लक्षण मानले जाई. पुढे अर्थ सरकत गेला. आज ‘स्वयंपाकी’ म्हणजे मोल घेऊन दुसऱ्यांसाठी रांधणारा, आणि घरातला स्वयंपाक म्हणजे बायकांचे काम. ज्या शब्दात ‘स्वतः’ ठळकपणे बसलेला आहे, ती जबाबदारी पुरुषांनी स्वतःच्या अंगावरून इतक्या सहजपणे उतरवून ठेवली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोठे नवल वाटते.

वसतिगृहांचा इतिहास या सोवळ्याच्या विरुद्ध दिशेने चाललेला आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले, आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले. या सर्व ठिकाणी शिक्षणाइतकेच महत्त्व ताटाला होते. दोन वेळचे जेवण निश्चित झाल्याखेरीज खेड्यातले मूल शाळेत टिकत नाही, हे या मंडळींनी ओळखले होते. आपली शाळा त्याच परंपरेतली आहे. पंगतीची आपल्याला सवय आहे. घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभे राहावे आणि वाढलेले खावे, या शिस्तीत आपल्या पिढ्या वाढल्या.

अडचण येते ती पंगत संपल्यावर. बारावीनंतर पुण्यात, नागपुरात किंवा संभाजीनगरात एका खोलीत राहणारा आपला विद्यार्थी गणित सोडवू शकतो, संविधानाची उद्देशिका मुखोद्गत म्हणू शकतो. पण वाटीभर डाळीला पाणी किती लागते हे त्याला ठाऊक नसते. मुलींना सुट्टीत घरी गेल्यावर हे शिकविले जाते, बहुधा न विचारता. मुलांना शिकविलेच जात नाही. मग सकाळी वडापाव, दुपारी काही नाही आणि रात्री नूडल्सचे पाकीट, असा क्रम सुरू होतो. परीक्षेच्या काळात चक्कर येणारी आणि पित्ताने हैराण झालेली मुले मी पाहिली आहेत. खाणावळीचा डबा हा उपाय आहेच, पण तो महिनाअखेरीस परवडत नाही आणि रविवारी रात्री बहुधा बंद असतो.

परदेशातील विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किती काटकसर केली, हे धनंजय कीरांच्या चरित्रात वाचावयास मिळते. लंडनच्या मुक्कामात रात्री अभ्यास करताना भूक अनावर झाली की मुंबईहून मिळालेले पापड पत्र्यावर भाजून ते दुधाच्या पेल्याबरोबर खात. हा प्रसंग आपण त्यागाचा म्हणून सांगतो आणि तो तसा आहेही. परंतु आजच्या विद्यार्थ्याने अर्धपोटी राहण्याचे अनुकरण करू नये. त्या काळी पर्याय नव्हता. आज एक छोटी शेगडी आणि दोन भांडी एवढ्यावर पोटभर जेवण होते.

तेव्हा मुळापासून पाहू. एकट्यासाठी रांधणे हे चौघांच्या स्वयंपाकाचे चौथे हिश्श्याचे रूप नव्हे. पाककृती बहुधा कुटुंबासाठी लिहिलेल्या असतात, आणि त्यातले प्रत्येक प्रमाण चाराने भागले तर पदार्थ बिघडतो. कारण सोपे आहे. भांड्यातील पाण्याची वाफ किती होणार, हे आत किती डाळ आहे यावर नव्हे, तर भांड्याचे तोंड किती रुंद आणि चूल किती वेळ पेटलेली यावर ठरते. मोठ्या पातेल्यात मूठभर डाळ घातली की पाणी आटून ती बुडाला लागते. फोडणीचेही तसेच. पाव चमचा तेल रुंद कढईत पसरून जाते, मोहरी तडतडण्याऐवजी करपते. म्हणून एकट्याने पहिली खरेदी करावी ती लहान भांड्यांची : दोन लिटरचा कुकर, एक छोटी कढई, एक तवा आणि फोडणीसाठी लोखंडी पळी. मोठा कुकरच हाताशी असेल तर तळाला दीड-दोन वाट्या पाणी घालून त्यात झाकणाचा डबा ठेवावा व तांदूळ त्या डब्यात शिजवावेत. विजेची इंडक्शन शेगडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की घरून आणलेले ॲल्युमिनियमचे पातेले तिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटते तेच भांडे चालते. गॅसचा ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्यास पत्त्याचा पुरावा लागत नाही, ही माहिती भाड्याने राहणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आता माप. एका माणसाच्या एका वेळच्या भातास अर्धी वाटी तांदूळ पुरतात. शिजल्यावर ते जवळजवळ तिप्पट होतात, आणि नवशिका फसतो तो नेमका येथेच. वरणास पाव वाटी डाळ पुरे. मुगाची डाळ भिजवावी लागत नाही, तुरीची अर्धा तास भिजविली तर इंधन वाचते. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, अडीच ते तीन वाट्या पाणी, हळद, मीठ आणि असेल तर एखादा बटाटा व मूठभर शेंगदाणे, एवढे लहान कुकरात घालून तीन शिट्ट्या केल्या की मऊ खिचडी होते. तांदूळ आणि डाळ एकत्र खाल्ल्याने प्रथिनांतील एकाची उणीव दुसरे भरून काढते; खिचडी हे आजाऱ्याचे अन्न असा समज आहे, तो सोडून द्यावा. कुकर कधीही दोनतृतीयांशापेक्षा अधिक भरू नये, आणि डाळ असेल तर अर्ध्यावरच थांबावे, कारण डाळीचा फेस शिट्टीचे छिद्र बंद करू शकतो.

मापाचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी मात्रेने खाणाऱ्याविषयी एक गाथा सांगितली आणि राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणावयास सांगितली. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. त्या सुत्तात उपवास नाही, देहदंड नाही. आहे ते केवळ माप. एकट्या माणसाला जास्त खाण्यापेक्षा अधिक भय असते ते जास्त शिजविण्याचे, आणि मग ‘टाकायचे कसे’ म्हणून दोन दिवस तेच खाण्याचे.

शिळ्या भाताबद्दल येथे गंभीरपणे सांगणे भाग आहे. फोडणीचा भात आपल्या सर्वांच्या आवडीचा. परंतु भातात असे जिवाणू असतात की ज्यांची बीजे उकळल्यानेही मरत नाहीत. भात रात्रभर उघड्यावर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष दुसऱ्या दिवशीच्या फोडणीने नष्ट होत नाही. फ्रिज असेल तर भात पसरून निववावा, दोन तासांच्या आत आत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर रात्री लागेल तेवढाच लावावा आणि दुसऱ्या दिवसासाठी भाकरी ठेवावी. भाकरीत पाण्याचा अंश कमी असल्याने ती भातापेक्षा बरी टिकते, ही आपल्या आजींची समज शास्त्राला धरूनच होती.

भाकरी मात्र मुलांना घाबरविते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते कढत पाण्याने मळावे लागते आणि तळहाताने चांगले रगडावे लागते. जुन्या पिठाची विरी गेलेली असते. त्याची भाकरी थापतानाच चिरते आणि नवशिका दोष स्वतःच्या हाताला देतो. एकट्याने म्हणून एक-दोन किलोपेक्षा अधिक पीठ दळून आणू नये. वाटीभर पिठाच्या दोन बेताच्या भाकरी होतात. पहिल्या आठवड्यात नकाशे होतील, दुसऱ्यात गोल होऊ लागतील.

कालवणासाठी आपल्या घरांमध्ये जे होते ते एकट्याच्या फार कामाचे आहे. मराठवाड्यातले येसर घ्या. धान्य, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ डब्यात महिनोन्‌महिने राहते. दोन चमचे पाण्यात कालवून फोडणीस टाकले की दहा मिनिटांत आमटी तयार. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी. सुकट आणि सुके बोंबील. वाळविलेल्या मांसाच्या चान्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात महार-मांग समाजाच्या अशा अन्नाची नोंद केली आहे आणि ते पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे असे मला वाटते. हे पदार्थ टंचाईतून जन्मले. फ्रिज नव्हता, तेल महाग होते, रोज बाजार करण्याची ऐपत नव्हती. नेमक्या याच अडचणी शहरातल्या भाड्याच्या खोलीत पुन्हा भेटतात. आपल्याकडच्या या खाण्याविषयी नव्या पिढीने संकोच बाळगावा असे त्यात काहीही नाही.

भाजीची जुडी एकट्याला मोठी होते ही नेहमीची तक्रार. उपाय असा की जुडी निवडावी पण धुऊ नये, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावी आणि लागेल तेव्हा लागेल तेवढीच धुवावी. पहिल्या दिवशी मेथीची भाजी, दुसऱ्या दिवशी उरलेली वरणात, तिसऱ्या दिवशी थालीपिठात. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास तेच लोह वाया जाते. अशक्तपणाची तक्रार करणाऱ्या मुलींनी तरी हे ध्यानात ठेवावे.

खोली शोधताना आपल्या विद्यार्थ्यांना आडनाव विचारले जाते आणि लगोलग ‘मांस-मच्छी शिजविणार का’ असेही विचारले जाते. दुसरा प्रश्न पुष्कळदा पहिल्याचेच दुसरे रूप असते. ‘हो’ म्हटल्यामुळे खोली गमावलेले विद्यार्थी आहेत आणि ‘नाही’ म्हणून वर्षभर अंडेही खिडकी लावून उकडणारे आहेत. यावर पाककृतींच्या पुस्तकात उत्तर सापडत नाही. माजी विद्यार्थ्यांनी ज्या शहरांत घरे घेतली आहेत, त्यांनी आपल्या खोल्या प्रथम आपल्या धाकट्या भावंडांना देऊ केल्या तर निदान काही जणांची चूल मोकळेपणाने पेटेल.

आणखी एक एकटी चूल आहे; तिच्याकडे आपले लक्ष फार उशिरा जाते. मुले शिकली, नोकरीनिमित्त शहरांत गेली, आणि गावाकडच्या घरात आई किंवा वडील एकटे राहिले. आपल्या शाळेच्या यशाची ही दुसरी बाजू आहे. जन्मभर दहा माणसांचे रांधणारी बाई एकटी झाली की म्हणते, ‘एकट्या जिवासाठी कशाला चूल पेटवू?’ सकाळचा चहा आणि बटर, दुपारी कालची भाकरी चहात कुस्करून, रात्री पुन्हा चहा. वडील एकटे उरले असतील तर अवस्था आणखी कठीण, कारण त्यांना काही येतच नसते. उतारवयात भूक कमी होते, दात साथ देत नाहीत, आणि प्रथिने पोटात गेली नाहीत की स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो. औषधाचा खर्च मुले आनंदाने करतात. ताटात काय आहे हे विचारत नाहीत.

फोनवर आपण विचारतो, ‘आई, जेवलीस का?’ या प्रश्नाला कोणतीही आई ‘हो’ असेच उत्तर देते. त्याऐवजी ‘आज काय केलंस?’ असे विचारून पाहावे. मग खरी हकीकत कळते. गावी गेल्यावर मोठे डबे भरून ठेवण्यापेक्षा लहान कुकर, मूगडाळीची पावकिलोची पाकिटे, भाजलेल्या रव्याचा डबा, दळून आणलेले येसर आणि अंडी ठेवावीत. शेजारी दुसरी कोणी एकटी बाई असेल तर दोघींनी आळीपाळीने रांधून एकत्र जेवण्याची वाट मोकळी करून द्यावी. पहिल्या दिवशी भाजी-डाळीचा खर्च मुलांनी उचलला की उरलेला संकोच आपोआप जातो. आणि वडील एकटे असतील तर सुट्टीचे चार दिवस त्यांच्याबरोबर चुलीपाशी उभे राहून त्यांना निदान खिचडी, पिठले आणि अंड्याची पोळी शिकवून यावे. पिठल्याला चार चमचे बेसन आणि दीड वाटी पाणी लागते; बेसन आधी थंड पाण्यात कालविले तर गुठळ्या होत नाहीत.