धावणाऱ्यांच्या पिशवीतली पुस्तकं

लोणी काळभोरला पहाटे धावून दम खाताना सोबत्याला जरूर विचारावं, ‘सध्या काय वाचताय?’

सुरुवात जपानी लेखक हारुकी मुराकामींपासून करावी. १९८२ मध्ये ते धावू लागले आणि १९८३ मध्ये अथेन्सहून थेट मॅरेथॉन गावापर्यंत धावले. धावण्यावरचं त्यांचं आत्मकथन २००७ चं.

क्रिस्टोफर मॅक्डूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ (२००९) मेक्सिकोच्या दऱ्यांतल्या ताराहुमारा आदिवासींची गोष्ट सांगतं.

मिल्खा सिंग यांचं ‘द रेस ऑफ माय लाइफ’ (२०१३) मला सर्वांत जवळचं. त्यातली धाव फाळणीत जीव वाचवण्यापासून सुरू होते.

आणि तुकोबांची गाथा हवीच. पुणे सोडल्यावर त्यांची पालखी लोणी काळभोरलाच मुक्कामाला असते.