बाथरूमची खिडकी आणि गॅसचा गिझर

(हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेले हे भाषण, गटातल्या मैत्रिणींना वाचून दाखवता यावे म्हणून इथे देत आहोत.)



थंडी सुरू झाली. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बायांना वेगळे सांगायला नको. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात, घरात आंघोळीच्या पाण्याची घाई होते. पूर्वी मागच्या दारी तांब्याचा बंब असायचा. आता बऱ्याच घरांत बाथरूमच्या भिंतीवर गॅसचा गिझर आला आहे. नळ सोडला की भप्पकन पेटतो आणि दोन मिनिटांत बादली भरते. लाकूडफाटा नको, फुंकणी नको. बाईचे कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. आज आम्ही बोलणार आहोत ते या गिझरच्या धुराबद्दल. तुम्ही म्हणाल, गॅसला कुठे धूर असतो? तिथेच सगळी गोम आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. सून बागेतून दमून आली, आंघोळीला गेली. दार लावले, खिडकीला पुठ्ठा लावलेला होताच. दहा मिनिटे झाली, पाण्याचा आवाज चालू, पण बाई हाकेला ओ देईना. सासूबाईंनी दार ठोठावले, मग दिराला बोलावून कडी तोडली. सून खाली पडलेली, हातपाय झटके देत होते. कोणी म्हणाले फिट आली, कोणी म्हणाले उपासाने चक्कर आली. एकीने कांदा आणला हुंगवायला. सासूबाईंनी मात्र आधी तिला ओढून अंगणात आणले. त्या मोकळ्या हवेनेच ती वाचली. गिझरचा संशय दवाखान्यात डॉक्टरांनी विचारल्यावर आला.

न दिसणारा धूर

चूल पेटवली की धूर डोळ्यांत जातो, खोकला येतो, आपण उठून दार उघडतो. म्हणजे धूर त्रास देतो, पण सावधही करतो. गॅस पुरेशा हवेत जळला तर त्यातून मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. हवा कमी पडली की ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. बाया म्हणतात, "गॅस गळाला तर वास येईलच की." सिलिंडरमधल्या गॅसला वास येतो, कारण तो कळावा म्हणून कंपनी त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळते. पण गॅस जळून गेला की ते द्रव्यही जळून जाते. म्हणून गिझरचे विष नाकाला कळत नाही. नळी, रेग्युलेटर सगळे ठणठणीत असले, कुठे थेंबभर गळती नसली, तरी हे विष तयार होऊ शकते.

आपल्या रक्तातला हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतो. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. एसटीत सगळ्या जागा आधीच कोणी अडवून बसावे आणि आपली माणसे स्टँडवरच राहावीत, तसे होते. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पायांतले बळ जाते. दार उघडावे हे कळते, पण कडीपर्यंत हात जात नाही.

सहा मिनिटांचा हिशोब

आपण बचत गटात पै-पैचा हिशोब ठेवतो, तसाच हवेचाही मांडून पाहू. चार फूट बाय सहा फूट बाथरूम, उंची आठ फूट. त्यात हवा मावते सुमारे 5,400 लिटर. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12,000 लिटर हवा लागते. लहान घरगुती गिझर पूर्ण ज्वालेवर तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजे त्याला मिनिटाला 150 लिटर हवा हवी. सहा मिनिटांत 900 लिटर. बंद खोलीतल्या हवेचा सहावा हिस्सा तेवढ्यात संपला, आणि हवा शिळी झाली की ज्वाला बिघडू लागते.

बऱ्याच गिझरांना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तिच्या भरवशावर राहू नका. सहा मिनिटे आणि वीस मिनिटे यांत केवढे अंतर आहे ते आत्ताच पाहिले.

ही गोष्ट नाशिकपुरती नाही. 2020 च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन या थंड ठिकाणी केरळहून आलेले आठ पर्यटक एका खोलीत झोपले होते. थंडी म्हणून आत गॅसचा हीटर, दारेखिडक्या बंद. सकाळी कोणीच उठले नाही. त्यांत चार लेकरे होती. परदेशांत घरे तापवायला गॅसच्या मोठ्या भट्ट्या असतात. तिथेही पहिला नियम हाच, की जळलेली हवा पाइपाने घराबाहेर गेली पाहिजे आणि जळण्यासाठी ताजी हवा आत आली पाहिजे.

आपला बंब काय वेगळे सांगत होता? मधोमध नळकांडे, खालून हवा आत, वरून धूर बाहेर, आणि सगळा कारभार अंगणात. आपण बंबाच्या जागी गिझर आणला आणि अंगणातले काम कडी लावलेल्या खोलीत नेले. चूक तिथे झाली.

खिडकीला पुठ्ठा का लागतो?

हा प्रश्न आपण बायांनीच मोकळेपणी बोलायला हवा. बाथरूमची खिडकी गल्लीकडे असते, शेजारच्या गच्चीवरून आत दिसते. मग आपण पुठ्ठा लावतो, फडके कोंबतो, प्लॅस्टिक ठोकतो. थंडीचे निमित्त असते, पण खरे कारण लाज आणि भीती हे असते. पुरुष कारागीर येऊन "खिडकी उघडी ठेवत जा" सांगून जातो, पण आंघोळ करणारीला ते जमायचे कसे?

यावर उपाय आहे. खिडकी डोक्याच्या वर, छताजवळ घ्यावी आणि तिला तिरक्या पट्ट्या बसवाव्यात. हवा जाते, नजर जात नाही. दाराच्या खालच्या बाजूलाही हाताएवढी जाळी किंवा फट ठेवावी. खालून ताजी हवा आली तरच वरून गरम हवा बाहेर पडते. पुठ्ठा काढायचे घरात कोणी बोलले तर आधी पट्ट्या बसवून मागा. हा तुमचा हट्ट नाही, गरज आहे.

गिझर कुठे आणि कसा असावा?

सगळ्यात चांगले, गिझर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर लावावा. वर पत्रा किंवा छज्जा असावा, म्हणजे पाऊस लागणार नाही आणि वाऱ्याने ज्वाला विझणार नाही. गरम पाण्याचा पाइप तेवढा भिंतीतून आत घ्यावा. मात्र गिझर खिडकीच्या खाली नको, नाहीतर धूर त्याच खिडकीतून आत येईल. सिलिंडरही बाहेर, सपाट जागेवर उभा ठेवावा.

काही गिझरांना धुराचा पाइप जोडायची सोय असते. तसा गिझर असेल तर पाइपाचे हे नियम पाळा:

पाइप थेट मोकळ्या आकाशाखाली निघाला पाहिजे. माळ्यावर, पत्रा आणि भिंतीमधल्या फटीत किंवा इमारतीच्या बंद डक्टमध्ये त्याचे तोंड सोडू नये.

पाइप वरच्या दिशेने चढता असावा. वळणे जितकी कमी तितके बरे. जोड पक्के हवेत.

टोकाला टोपी हवी, म्हणजे पाणी आणि पाखरे आत जाणार नाहीत. पावसाळ्यानंतर त्यात घरटे किंवा कोळिष्टके झाली नाहीत ना, ते बघून घ्या.

गिझर पेटवून पाच मिनिटांनी धूर वर ओढला जातो त्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर पाइप काम करतो आहे. धूर उलटा आपल्याकडे आला तर गिझर बंद करा आणि कारागिराला बोलवा. पाइप असलेल्या गिझरच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा लावला असेल तर ही परीक्षा पंखा चालू ठेवूनही करा. खालून हवा यायला वाट नसेल तर पंखा पाइपातला धूर उलटा खाली ओढतो.

ज्वाला निळी असावी. ती पिवळी झाली, भिंत काळवंडली, तर गिझर वापरू नका. पण ज्वाला निळी आहे म्हणून खोली बंद करायला मोकळ्या, असेही समजू नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, कंपनीच्या कारागिराकडून गिझर साफ करून घ्या. रबरी नळी आयएसआय शिक्क्याचीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला.

आणि गिझर आज हलवता येत नसेल तर? भाड्याच्या घरात हा प्रश्न येतोच. मग एवढे करा: दार उघडे ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, पाच मिनिटे हवा जाऊ द्या, आणि मगच दार लावून आंघोळ करा. पाठोपाठ चार जणांच्या आंघोळी करू नका. आत जाताना घरात सांगून जा. कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा.

बाळंतिणीची शेगडी

गिझर नसलेल्या घरांनीही हे ऐकावे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. बागेत मजुरीला आलेली पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबेही शेडमध्ये घमेल्यात निखारे घेऊन झोपतात. आपली समजूत अशी, की धूर संपला, लालबुंद निखारे उरले, आता धोका नाही. खरे उलटे आहे. बिनधुराचे निखारेच हा वायू भरपूर सोडतात. पोटातल्या आणि तान्ह्या बाळाला त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो.

म्हणून निखारे अंगणात फुलवा. शेक घ्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून घ्या, आणि झोपण्याआधी घमेले न चुकता बाहेर काढा. रात्री बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेतले तर दोघांनाही ऊब मिळते.

कोणी आत पडले तर

आधी दार-खिडकी उघडा, श्वास रोखून माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. मग सिलिंडरचे रेग्युलेटर बंद करा. कांदा, चप्पल, तोंडात पाणी, यात वेळ घालवू नका. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाते. 108 ला फोन करा. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचे बटण न दाबता बाहेर या आणि 1906 या क्रमांकावर कळवा.

दवाखान्यात पहिले वाक्य हे सांगा: "आत गॅसचा गिझर चालू होता." किंवा "खोलीत निखारे होते." बोटाला लावायचे प्राणवायू मोजणारे यंत्र या विषात फसते, ते आकडा चांगलाच दाखवते. तुमच्या एका वाक्याने डॉक्टरांना दिशा मिळते. यावर औषध म्हणजे शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत निम्मे विष उतरायला चार-पाच तास लागतात, प्राणवायू लावला तर साधारण तास-दीड तास. माणूस उठून बसला, हसला, तरी दवाखान्यात न्याच.

आंघोळीनंतर रोज डोके दुखते, घरातल्या दोघी-तिघींना एकाच वेळी मळमळते, ताप नाही आणि बाहेर गेले की बरे वाटते, अशी लक्षणे असतील तर ती थंडीवर ढकलू नका. गिझर बंद ठेवा.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटे काढा. कोणाकोणाच्या घरी गिझर आत आहे, कोणाच्या खिडकीला पुठ्ठा आहे, कोणाच्या घरी या महिन्यात बाळंतीण येणार आहे, एवढे विचारा. मग दोघी-दोघींनी मिळून उदबत्ती घेऊन त्या घरी जाऊन या. पट्ट्यांच्या खिडकीला पैसे कमी पडत असतील तर गटातून छोटे कर्ज द्यायला हरकत नाही. शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, तसे श्वासालाही द्यावे.

गरम पाण्याने आंघोळ करा, थकवा जाऊ द्या. फक्त त्या न दिसणाऱ्या धुराला बाहेर जायची वाट ठेवा.