लेकरू सांभाळण्याचा रोज आधीच ठरवा

पाऊस लागला की आपल्या भोर-वेल्ह्याकडे आवणीची घाई सुरू होते. भर पावसात तान्ह्या लेकराला बांधावर ठेवता येत नाही. अंगणवाडीत तीन वर्षांवरची मुलं बसतात, तीही काही तासच. मग आपण शेजारच्या मावशींना म्हणतो, "आजच्या दिवस याच्याकडं बघा हो." त्या नाही म्हणत नाहीत. पैशाचं आपण बोलत नाही, त्याही मागत नाहीत. संध्याकाळी कुणी वीस-तीस रुपये हातावर ठेवतं, कुणी नुसताच चहा पाजतं. चौथ्या दिवशी मावशी म्हणतात, "आज मला बरं नाही." आणि आपला रोज बुडतो.

लेकरू सांभाळणं हे कामच आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात हे लिहून ठेवलं होतं. कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीने मुलं सांभाळायची आणि तिलाही मजुरी द्यायची. तिने हातात खोरं धरलं नाही तरी तिचा रोज भरायचा. मग आपल्या बांधावर हाच न्याय का नको?

दर काढायला गावातली आवणीची मजुरी धरा. समजा ती 400 रुपये आहे. चार घरांची चार मुलं एका मावशींकडे ठेवली आणि प्रत्येक घराने 100 रुपये दिले, तर मावशींचा पूर्ण रोज होतो आणि प्रत्येक आईच्या हातात 300 उरतात. मूल एकच असेल तर एवढं परवडणार नाही. तिथे अर्धा रोज किंवा तासावर दर ठरवा. पण अगदी तान्हं असेल तर थोडं जास्त द्या, कारण त्याच्यापासून क्षणभर उठता येत नाही.

बोलताना सगळं मोकळं बोला. किती वाजता आणणार, किती वाजता नेणार? मुलं किती? दूध-भात कुणाचा? उशीर झाला तर किती जास्त? पावसाने आवणी थांबली तर अर्धा रोज द्यायचा का? भांडी-धुणं यात धरायचं नाही. विहीर, ओढा, विंचूकाटा यांचंही आधीच सांगून ठेवा.

"मावशी, सोमवारपासून चार दिवस आवणी आहे. सकाळी 8 ते संध्याकाळी 5 बाळाला ठेवीन. एवढे देईन. जमेल का तुम्हाला?" इतकं म्हटलं तरी पुरे. त्यांना कमी वाटलं तर त्या सांगतील. नाही म्हणाल्या तर राग धरू नका. पैसे रोजच्या रोज संध्याकाळी द्या.

रोख नसेल तर सावड करा. त्यांनी एक दिवस मूल सांभाळलं, तर आपण एक दिवस त्यांच्या खाचरात आवणीला जायचं. दिवसाला दिवस.

एक मात्र करू नका. थोरल्या मुलीला शाळा बुडवून घरी बसवू नका. दुसऱ्याची 14 वर्षांखालची मुलगी पैसे देऊन कामाला ठेवणं तर कायद्याने गुन्हा आहे.

नात्यातल्या बाईशी एकटीने पैशाचं बोलणं जड जातं. म्हणून आवणीच्या आधीच्या बैठकीत गटानेच दर ठरवावा आणि ठराव वहीत लिहावा. बैठकीला मुलं सांभाळणाऱ्या मावशींनाही बोलवा. दर त्यांच्यासमोर ठरू द्या.